केस वाढेपर्यंत

आमचं लग्न माघात झालं आणि रिसेप्शन त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. हे ऐकलं की लोक हसतात. नवरा विसरला होता का, असं विचारतात. मीही हसते. खरं कारण सांगायला बसलं तर समोरच्याचा चहा निवतो.

कारण होतं सासूबाईंचे केस.

सासूबाई पनवेलच्या मासळीबाजारात बसत. माहेर उरणकडचं, खाडीकाठचं. लग्न होऊन पनवेलला आल्या, त्या सालापासून बाजारातली त्यांची जागा ठरलेली. सासरे बंदरात कामाला होते, पण घर उभं राहिलं ते सासूबाईंच्या टोपलीवर. पुढे मुलाला नोकरी लागली, नवीन पनवेलला दोन खोल्यांचा फ्लॅट झाला, तरी त्या पहाटे रिक्षाने बाजारात जातच राहिल्या. मग छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किमो झाली, बाजार सुटला आणि केस गेले.

त्याच सुमारास आमचं ठरत होतं. मी जुन्या पनवेलमधली, शिक्षकाची मुलगी, खारघरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. माझ्या माहेरी मासळी शिजत नसे. वडिलांनी बराच काळ होकार दिला नाही. दिला तेव्हा सासूबाईंची शेवटची किमो नुकतीच संपली होती. त्यांनी निरोप पाठवला, अक्षता लगेच टाकून घेऊ, रिसेप्शनचं जेवण मात्र मागाहून.

मला वाटलं, पैशांची अडचण असेल. तसं नव्हतं. लग्नाच्या आधी एकदा भेटायला गेले तेव्हा त्यांनीच सांगितलं. डोक्याला रुमाल गच्च बांधून त्या पलंगावर बसल्या होत्या.

"माजं आता काय सांगता येत नाय. लगीन डोल्यांनी बगायचंय म्हनून घाई. पन जेवनाला मी अशी उबी रानार नाय. वेनी कुटं मालू, कानात?"

त्यांच्याकडे बाईने लग्नाच्या मांडवात उभं राहायचं म्हणजे भरगच्च अंबाडा आणि त्यावर अबोलीची, मोगऱ्याची वेणी. मुलाच्या आईने तर हवंच. मी बाजारातून केसांचा टोप आणता येईल असं सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. गंगावन त्यांना चालणार होतं. गंगावन म्हणजे खोट्या केसांचा झुबका, अंबाड्यात घालतात तो. त्यांच्याकडे होतंच एक जुनं. पण ते बांधायला स्वतःची चार बोटं तरी शेपटी लागते. तेवढे केस वाढेपर्यंत थांबायचं. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं की रिसेप्शन, असं ठरलं.

लग्न एका देवळाच्या सभागृहात सकाळीच लागलं. दोन्हीकडची मोजकी माणसं. सासूबाई मागच्या रांगेत पदर कपाळापर्यंत ओढून बसल्या होत्या. अक्षता टाकताना त्यांचा हात माझ्यापर्यंत पोचला नाही. बाजारातल्या एकाही बाईला आमंत्रण नव्हतं.

मग ते मधले दिवस सुरू झाले. मी त्या घरात राहत होते, मंगळसूत्र होतं, हिरवा चुडा उतरलाही होता, पण त्यांच्या लेखी मी अजून कोणाला दाखवलेली नव्हते. पहिला नियम हा की मी बाजारात जायचं नाही. रिसेप्शनच्या स्टेजवर मला बाजाराने पहिल्यांदा पाहायचं होतं. माझं माहेर तळ्याच्या बाजूला. सरळ वाट बाजारावरून जाई, म्हणून मी मागून वळसा घालून जात असे. आई विचारायची, "इतका उशीर?" मी म्हणायचे, रिक्षा मिळाली नाही. आपली मुलगी अजून न दाखवलेली सून आहे, हे तिला समजावणं मला जमलं नसतं.

त्यांच्या शेजारी बसणारी एक मावशी मात्र अधूनमधून घरी यायची. पिशवीतून मासळी आणायची आणि दारातच सुरू व्हायची.

"काय गो, जेवन कवा घालतेस? का बारसं न् लगीन एकाच पंगतीत उरकनार?"

"तुला जेवनाचीच पडलीय. आदी तुजी उधारी वसूल कर जा."

"माजं राऊ दे. बाजार इचारतोय. म्हनतात, हिनं सून आनली का पलवून लावली?"

मी आतल्या खोलीत बसून ऐकायचे. मावशीला माहीत असायचं मी आत आहे ते. जाताना मोठ्याने म्हणायची, "चलते गो, पुस्तकवाल्या बाय!" मी हसायचे, पण बाहेर यायची परवानगी नव्हती.

हे सगळं सासूबाईंना इतकं का लागलं होतं, ते मला सावकाश कळलं. बाजारातल्या प्रत्येकीच्या घरचं लग्न त्यांनी खाल्लेलं होतं. कुणाच्या लेकीचं, कुणाच्या पुतण्याचं. वेणी माळून, सोनं घालून स्टेजवर चढायचं, सुनेची हनुवटी वर करून बघायची, तिथल्या तिथे एक टोमणा मारायचा आणि पोटभर जेवून यायचं. "मी सगल्यांच्या घरी जेवले," त्या म्हणायच्या. "आता माज्या घरी कोनी जेवायच्या आदी मी गेले तर तोंड कुटं दाखवू?" गेल्यावर तोंड दाखवायचं नसतं, हे त्यांच्या लक्षात येत नसे. किंवा येत असेल.

केस आले. उन्हाळ्याच्या शेवटी डोक्यावर करडी लव दिसली आणि मग ते कुरळे निघाले. आधी त्यांचे केस सरळ, गुडघ्याशी पोचणारे होते म्हणे. आरशात बघून त्या कितीतरी वेळ हसत होत्या. "ही कोनाची केसं आली गो माज्या डोक्यावर?" मी त्यांना खोबरेल तेलात माका उकळून द्यायचे. रविवारी त्या माझ्यापुढे बसत. मी फणी फिरवायची. "फनी अडकते का केसांत?" त्या म्हणत. "अडकते थोडी." "मागं वड बगू. धरता येतात?" मी चिमटीत धरायचे. कुरळे केस ओढले की लांब वाटत आणि सोडले की पुन्हा वर चढत. हे मी सांगत नसे. त्यांनाही माहीत होतं, पण त्या विचारत नसत. आमचं नातं त्या रविवारांतच तयार झालं असावं. एरवी आम्हाला एकमेकींशी बोलायला फारसं काही नव्हतं. मी वाचायला बसले की त्या म्हणत, "वाच, वाच. पापलेट साफ करायचं कायतरी असेल त्यात." आणि पापलेट स्वतःच साफ करत.

गणपती गेले आणि तपासणीत आजार परत आल्याचं निघालं. या वेळी यकृतात. हॉस्पिटलमधून आम्ही तिघं परत आलो. डॉक्टरांनी किमोचं सलाइन लगेच सुरू करायला सांगितलं होतं. सासूबाईंनी तिथेच एक प्रश्न विचारला होता, केस पुन्हा जातील का. डॉक्टरांनी होकाराची मान हलवली होती.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "एवडं जेवन होऊ दे. मग काय ते करा."

माझा नवरा कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "आई, दिवाळी लांब आहे! केसांसाठी जीव घालवणार आहेस का तू?"

"केसांसाठी कोन म्हनतो? जेवनासाठी म्हनते."

"जेवण नंतर कधीही घालता येईल."

"तुला येईल. मला नाय."

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी मधला मार्ग काढायला गेले. रिसेप्शनला मुहूर्त लागत नाही, या दिवसांत हॉल रिकामेच असतात, याच आठवड्यात करून टाकू. सासूबाईंनी मला पूर्ण बोलू दिलं.

"बाय माजी, पितृपक्ष हाय. या पंधरवड्यात जेवायला बोलावलंस तर लोकं माजा पिंड समजून जेवतील."

त्यावर आम्ही दोघी हसलो. नवरा गॅलरीतून आत आला, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या, "कालेजला सुट्टी टाक. चांगली साडी नेस." कुठे जायचंय, ते रिक्षात बसल्यावर कळलं. त्यांनी रुमाल बांधला नव्हता. पदरही खांद्यावरच होता. करडे, कुरळे, बोटभर केस, आणि कानात त्यांच्या जुन्या जड कुड्या. नव्या पनवेलचा पूल ओलांडताना वाऱ्याने त्यांचे केस हललेही नाहीत, इतके ते आखूड होते.

"तुला दाखवते आन् सलाइन लावून घेते," त्या म्हणाल्या. "जेवन बाकी राईल, पन दाखवनं तरी बाकी नको."

पितृपक्षामुळे बाजारात गिऱ्हाईक कमी होतं. ओट्यावर बायका मोकळ्या बसल्या होत्या. त्यामुळे आम्ही आत शिरताच सगळ्यांनी एकदम पाहिलं. मावशी आधी ओरडली.

"अगो! पितरांत सून दाखवतेस होय?"

"आता दाखवते, नायतर पितर होऊन दाखवीन."

कोणीतरी हसलं. पण मग बायका जवळ येत गेल्या, तसं हसू थांबलं. एकीने तोंडावर पदर घेतला. दुसरी सरळ रडायलाच लागली. एका म्हातारीने ओल्या हाताने सासूबाईंच्या डोक्याला हात लावला, लहान मुलाच्या डोक्याला लावतात तसा, आणि म्हणाली, "काय झालं गो तुजं. केवडा अंबाडा होता."

"बरं हाय आता. सून बगा ना."

"बगू गो, बगू. आदी बस तू. टप पालथा कर गो कोनीतरी."

त्यांना पालथ्या टपावर बसवलं. पाणी आणलं. किती बारीक झालीस, जेवतेस का, कोणता डॉक्टर, अमक्याच्या बहिणीला असंच झालं होतं आणि ती काय टिकली नाय. सगळ्या एकदम बोलत होत्या. कुणी सुरमई पिशवीत घालून माझ्या हातात दिली, कुणी कोलंबी. पैसे विचारले तर रागावल्या. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या झाल्या. मी त्या घोळक्याच्या बाहेर उभी होते. "सून बगा ना," सासूबाई पुन्हा म्हणाल्या. जवळच्या बाईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि परत त्यांच्याकडे वळली. माझं माहेर कुठलं, हेदेखील कोणी विचारलं नाही.

आम्ही रिक्षाने परत निघालो. पिशव्यांतून पाणी गळून माझी साडी भिजत होती. घरी येऊन त्यांनी कुड्या काढल्या, डब्यात ठेवल्या आणि म्हणाल्या, "बगितलंस? तुला कोनी बगितलंच नाय."

"त्यांना तुमची काळजी वाटली, आई."

"कालजी नाय. दया. मी बाजारात भांडून बसलेली बाई. मला पानी पाजलं त्यांनी." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी स्टेजवर उबी राईन तर असंच व्हनार. सगली मलाच बगतील आन् सून कोपऱ्यात राईल. जेवन मी असताना नको."

मी म्हटलं, असं बोलू नका, तुम्ही बऱ्या व्हाल. असल्या वेळी माणूस जे म्हणतो ते.

"माजं वरीस होऊ दे आन् मग करा. पन करा. त्याला पटनार नाय. तू करून घे."

त्या आठवड्यात सलाइन सुरू झालं. केस पहिल्या खेपेपेक्षा लवकर गेले. या वेळी त्यांनी रुमाल मागितला नाही. तुळशीची लग्नं लागली तेव्हा त्या उठून बसू शकत नव्हत्या. पौषात गेल्या.

नवऱ्याला खरंच पटलं नाही. वर्षश्राद्ध झालं आणि मी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "कुणासाठी करायचं आता?" माझ्या माहेरी तर चेष्टाच झाली. दोन वर्षं जुन्या नवरीला कसली खुर्ची मांडता? सासरे एवढंच म्हणाले, तिने सांगितलं असेल तर करा. शेवटी हॉल ठरला, जुन्या पनवेलमधलाच. मी पुन्हा शालू नेसले. दोन वर्षांत माझं वजन वाढलं होतं, ब्लाउज उसवून घ्यावा लागला.

बाजारातल्या बायका सगळ्या आल्या. अंबाडे, वेण्या, सोनं. स्टेजवर रांग लागली. सासूबाईंचा फोटो लावलेला नव्हता. शुभकार्यात गेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही, हे त्यांच्याकडेही होतं आणि आमच्याकडेही. म्हणून कोणी काढलं नाही. एकेकीने माझी हनुवटी धरली, डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं.

"गोरी हाय गो. पन खांदे बग, दप्तर उचलून वाकलेत."

"मासली खातेस का नाय अजून?"

"कोलंबी खाते," मी म्हटलं.

"कोलंबी खाते म्हने! सुरमई कवा खानार, म्हातारपनी?"

हसल्या. आहेर दिला, फोटो काढला, खाली उतरल्या. मावशीने सगळ्यांत जास्त वेळ माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ही तरी काहीतरी बोलेल. फोटोग्राफर थांबून राहिला. मावशीने माझ्या शालूची निरी सारखी केली आणि म्हणाली, "पंगत लागली काय बगते."

मी स्टेजवरून त्यांना जेवताना पाहत होते. भरपूर जेवल्या. भात दोनदा मागून घेतला, वाढप्याशी भांडल्या. जेवण संपल्यावर एकेक जण हात पुसत निघाली. मावशी दाराशी थांबून सासऱ्यांना म्हणाली, "जेवन चांगलं झालं." ते म्हणाले, "हो." ती गेली.

नवऱ्याने विचारलं, आपण जेवून घेऊ या का. मी म्हटलं, तू जेव, मी थोडा वेळ बसते. खाली पोरं खुर्च्या उचलत होती. स्टेजवर आमच्या दोघांच्याच खुर्च्या होत्या. वराच्या आईसाठी ठेवतात ती बाजूची खुर्ची मांडायची नाही, असं मीच हॉलवाल्याला सकाळी सांगून आले होते.