उत्तर चित्रात राहिलं

"खोडू नकोस! तीन हजार लोकांनी वाचलंय ते."

"म्हणूनच खोडते, मानोंग."

"आपण खोटं लिहिलंय का? नाही ना?"

"फ्लोरेनाच्या छपरावर दगड पडतायत! आत तिची म्हातारी आई एकटी आहे."

पर्लिताचा अंगठा फोनवर खोडायच्या बटणाशी होता. समोर प्रचारप्रमुख आर्सेनियो, ज्याला ती मानोंग, म्हणजे दादा, म्हणायची, सुकवलेल्या आंब्याची फोड चघळत होता, सणाला आल्यासारखा.

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराजवळच्या आमच्या गावात पर्लिताचा आवाज कुत्रीसुद्धा ओळखतात. अकरा वर्षं ती कर्ण्यावरून सांगायची: पाणी कधी येणार, शेळी कुणाची हरवली, वादळ कुठवर आलं. तिच्या लेकाचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता बेन्हूर गावप्रमुखाच्या निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा त्याचं फेसबुकचं पान तिच्याच हाती आलं. खोटं काही टाकणार नाही, एवढीच तिची अट. त्यामुळेच लोक ते पान वाचायचे.

आज सकाळी अफवा उठली, की विरोधातल्या उमेदवार फ्लोरेनानं वादळग्रस्तांचा तांदूळ विकला. पर्लितानं गोदामात जाऊन पावती पाहिली. तांदूळ जागच्या जागी. मग तिनं पानावर वर अक्षरांत प्रश्न टाकला, "फ्लोरेनानं तांदूळ विकला?" आणि खाली चित्र. चित्रात पावती, तिच्यावर लाल रंगात: खोटं आहे.

पण निम्मं गाव फुकटचं फेसबुक वापरतं. त्यात अक्षरं दिसतात, चित्रं नाहीत. स्वतः पर्लितानं वर्षानुवर्षं तेच वापरलेलं. प्रचारातून रोज रिचार्ज मिळायला लागला, आणि ती हे विसरली. आज निम्म्या गावाला नुसता प्रश्न दिसला.

"त्यांना चित्र दिसत नाही, हा आपला दोष?" आर्सेनियो म्हणाला.

"माझा आहे."

"अगं इंदाय, पोरी, बेन्हूर जिंकतोय! आणि माफी मागितलीस ना, तर तेच दगड तुझ्या दारात येतील. मी ओळखतो या लोकांना."

पर्लितानं आधीचं खोडलं. मग तिनं नवं लिहिलं, सगळं अक्षरांत: "फ्लोरेनानं तांदूळ विकला नाही. पावती मी डोळ्यांनी पाहिली. चूक माझी, पर्लिताची."

लगेच उत्तरं यायला लागली.

"किती पेसो घेतलेस?"

"बेन्हूरचं खाऊन त्यालाच विकलंस?"

तिसरं तिनं दोनदा वाचलं. "हिचं घर चर्चच्या मागे. निळं दार."

"बघ," आर्सेनियो पुढे झुकला. आता त्याचा आवाज उतरला होता. "दार लावून घे. आणि ऐक, फ्लोरेनाच्या अंगणातल्यांच्या हातात फोन नाहीयेत, दगड आहेत. त्यांना तुझी माफी कोण वाचून दाखवणार? तू?"

पर्लितानं चपला शोधल्या. एक पाय दुसऱ्याच चपलेत गेला, तिनं तो काढून पुन्हा नीट घातला.

"पर्लिता! वेडी आहेस का? मी विचारतोय!"

ती दार ढकलून बाहेर पडली, आणि फ्लोरेनाच्या घराकडे वळली.