रिकामी डोलची

डॉक्टरांनी वजन उतरवायला रोज सकाळी चालायला सांगितलं. सांगायला काय जातं. बालाघाटात आम्ही नवे, बरोबर यायला कुणी नव्हतं. वैनगंगेच्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी एक बाई दिसली. माझ्याएवढीच जाड, गुडघ्यावर हात टेकत चढ चढणारी. हातात पाणी आणायची पितळेची डोलची. नदीवर जातानाही रिकामी आणि परतताना पण रिकामीच.

मी विचारलं, तर म्हणाली, "मलेबी डॉक्टरनंच चालाले सांगितलं. पण रिकाम्या हातानं बाई दिसली का सारे विचारतेत, कुठं चालली? डोलची असली का कोणी विचारत नाही."

दुसऱ्या दिवसापासून मीही डोलची घेतली. नाव विचारायचं राहूनच गेलं. चालताना बोलायला दमच उरत नसे. मध्येच थांबून ती पदरानं मान पुसायची. "दिवसभर घरात उठबस करतोच नं आपण," एकदा म्हणाली, "ते काहून धरत नाही हा डॉक्टर?"

उन्हाळ्यात एका सकाळी मी रस्त्याकडेच्या दगडावर बसकण मारली. वजन काही हलत नव्हतं. तिला म्हटलं, उद्यापासून मी येत नाही.

ती शेजारी बसली. डोलची खाली ठेवत म्हणाली, "घरचे मले म्हणतेत, निजून राय, काय फरक पडते. तुमी वाट पाहत असान, म्हणून उठतो मी."

मी उठले. दोन्ही डोलच्या तिनं उचलल्या. रिकाम्याच तर होत्या, तरी मला बरं वाटलं.