चार नंबरची बस आणि लाल बटन

मोबाईलवर अलर्ट आला तेव्हा मी ऑफिसात कपात चहा ओतत होते. चार नंबरची बस, वेग अडुसष्ट. मी थर्मास खाली ठेवला आणि परत वाचलं. अडुसष्टच.

मी राज्याच्या सरहद्दीजवळ, मावला गावापाशी एका खासगी शाळेत ट्रान्सपोर्ट इन्चार्ज आहे. आमच्या सगळ्या बस चाळीसला बांधलेल्या आहेत. म्हणजे इंजिनाला स्पीड गव्हर्नर नावाची एक डबी बसवलेली असते. चाळीस झाले की ती डबी डिझेल तोडते. ड्रायव्हरने पाय कितीही दाबला तरी गाडी त्याच्या पुढे जात नाही. मग अडुसष्ट आले कुठून?

मला वाटलं, मशीनच येडं झालं. वेगाचा अलर्ट आम्ही आदल्याच संध्याकाळी चालू केला होता. बसला ट्रॅकर बसवणाऱ्याला फोन लावला. त्याने तिकडून तपासलं आणि हिंदीत सांगितलं की मशीन बरोबर आहे. मग मेकॅनिकला बसखाली पाठवलं. गव्हर्नरचं सील कोणी तोडलं असेल तर आज त्याची खैर नाही, असं मी मनाशी ठरवूनच बसले होते. मेकॅनिक हात पुसत बाहेर आला. सील जसंच्या तसं होतं.

बरं, बस कोणाची? कवडूभाऊंची! दुसरा कोणी असता तर मी तिथंच चार शब्द सुनावले असते. पण कवडूभाऊ म्हणजे रस्त्यात कोंबडी आली तर बस थांबवून ती पलीकडे जाईस्तोवर वाट पाहणारा माणूस. सरहद्दीकडच्या गावचे, घरी कापसाची शेती. तरुणपणी शंकरपटात बैलजोडी हाकायचे. त्या बैलांच्या शर्यतीत पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं म्हणे. आता पोरांच्या आया त्यांचं नाव घेऊन सांगतात, आमच्या लेकराला चार नंबरमध्येच घ्या. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, उतार हाय ना मॅडम, जराशी पळते. एवढं बोलून खाली फरशीकडे पाहत राहिले. तिथं मला शंका आली.

बसमध्ये कॅमेरा आहे. त्याला माईक नाही, नुसतं चित्र येतं. कॉम्प्युटरवर दोन चौकटी दिसतात, एकीत पुढचा रस्ता आणि दुसरीत बसच्या आतलं. दुपारी दार लावून मी सकाळचं रेकॉर्डिंग उघडलं.

आमच्या पुढे दुसऱ्या एका शाळेची पांढरी बस चालली होती. तीही चाळीसला बांधलेली. दोघी सारख्याच पळणार, म्हणजे मागची कधी पुढे जाणार नाही. आमची लेकरं पाहिली तर रस्ता थोडा वळला की सगळी मिळून डावीकडे झुकत होती, मग सगळी मिळून उजवीकडे. मला आधी हसूच आलं. गावात त्या महिन्यात मोटार शर्यतीचा एक पिक्चर लागला होता, त्याचीच ही नक्कल. त्यातला हिरो शेवटी लाल बटन दाबतो आणि गाडी बंदुकीतून सुटल्यासारखी उडते. मला माहीत होतं, कारण पोरीचा वाढदिवस म्हणून तिला घेऊन मीच तो पिक्चर पाहून आले होते.

नाल्याचा उतार आला. एक मुलगी सीटवरून उठली, पाण्याची बाटली माईकसारखी तोंडापुढे धरून ड्रायव्हरपाशी येऊन उभी राहिली आणि मागे वळली. ती आमची गौरी होती! सातवीतली माझी पोटची पोरगी, जी घरी पाहुण्यांना पाणी द्यायलाही लाजते. तिने मूठ वर केली. सगळ्यांच्या मुठी वर गेल्या. सगळी तोंडं एकदम उघडली.

कवडूभाऊंनी लाल बटन दाबलं. ते असतं धोक्याचं, बस बंद पडली तर चारी इंडिकेटर लावायचं. मग त्यांचा हात गिअरवर गेला आणि बस न्यूट्रल झाली.

हे न्यूट्रल काय ते सांगते. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन चाकांना धरून ठेवतं. न्यूट्रल केली की चाकं मोकळी. गव्हर्नर फक्त डिझेलचा गळा धरतो, आणि उताराला डिझेल लागतच नाही. बस आपल्याच वजनाने सुटली. पांढरी बस मागे राहिली. 

मग मी आदल्या दिवसाचं काढून पाहिलं. तेच. त्याच्या आधीच्या दिवशी, तेच. आणि मागच्या आठवड्यातल्या एका सकाळी रस्त्याच्या चौकटीत पुलाच्या तोंडाशी कापसाने भरलेली बैलगाडी आडवी आली.

कवडूभाऊंनी अख्खं अंग ब्रेकवर टाकलं असावं. लेकरं सीटवरून उडाली. डबे, दप्तरं उडाली. गौरी मागे फेकली गेली आणि इंजिनावरच्या बॉनेटवर आदळली. तिचं डोकं गिअरच्या दांड्याच्या इतक्या जवळून गेलं की मी खुर्चीतून उठून उभी राहिले. बस थांबली तेव्हा बैलाचं शिंग काचेला टेकायचं तेवढं बाकी होतं.

पुढचं जे दिसलं त्याने मी जास्त हादरले. गौरी उठली. केस मागे सारले. पिक्चरमध्ये हिरो काच झटकून उठतो तसा तिने फ्रॉक झटकला आणि टाळ्या वाजवल्या. मागून सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या. लेकरांना सांभाळायला बसमध्ये असते ती आयाबाई तेवढी वाकून डबे गोळा करत होती. गौरीच्या कोपराला लागलेलं मी त्या संध्याकाळी पाहिलं होतं. खो-खोत पडले म्हणाली, आणि मी हळद लावून दिली होती.

कवडूभाऊंना बोलावलं. कॉम्प्युटर त्यांच्याकडे फिरवला. ते पूर्ण पाहून झाल्यावर बोलले.

"ते शिंग काचेपाशी आलं तवा मॅडम, मी म्हनलं, संपलं आता."

"मग दुसऱ्या दिवशी परत काऊन सोडली बस?"

"मागून टाळ्या आल्या ना. पटात जोडी सुटल्यावर अशाच यायच्या. इतक्या वर्सांनी आल्या."

मला इतका राग आला होता की काय बोलले ते मला आठवत नाही. बाहेरच्या क्लार्कला आठवतं, पण तो सांगत नाही. कवडूभाऊंनी चावी टेबलावर ठेवली. प्रिन्सिपल सरांनी त्यांना त्याच दिवशी लेकरांच्या गाडीवरून काढलं. मी मध्ये पडले नाही. वाईट वाटलं, अजूनही वाटतं, पण मध्ये पडले नाही.

घरी गौरी माझ्यावर रुसली. कवडूकाकांना तू काढलंस म्हणाली. मी म्हटलं, अगं मेली असतीस. तर ती म्हणते,

"आई, पिक्चरमध्ये कोनी मरते का? सगळे गाडी पळवून राह्यले होते आन तू खुर्चीत बसून ब्रेक दाबत होती. म्हनून तुला मजा नाई आली."

खरंच होतं ते. थिएटरमध्ये माझा उजवा पाय सारखा जमिनीला दाबला जात होता. पोरीने पडदा सोडून माझा पाय पाहिला होता.

समजावून काही उपयोग नाही हे मला कळलं. सोमवारी मी सरांची परवानगी घेतली आणि चार नंबरची सगळी लेकरं कॉम्प्युटर लॅबमध्ये बसवली. तेच रेकॉर्डिंग लावलं. आधी खिदळणं झालं, हा पाहा मी, ती पाहा तू. उतार आला तशी काहींनी सवयीने मूठ वर केली. चित्र पुढे सरकलं. आवाज नाही, गाणं नाही, ढॅणढॅण नाही. बैलगाडी आली. लेकरं पोत्यांसारखी एकमेकांवर पडली. वर गेलेल्या मुठी हळूहळू खाली आल्या.

पहिलीतला एक जण म्हणाला, "मॅडम, म्युझिक कुठं गेलं?"

कोणी हसलं नाही. पडद्यावर लेकरं टाळ्या वाजवत होती आणि खोलीत एकही हात हलत नव्हता. गौरी आपलंच डोकं त्या दांड्याजवळून जाताना पाहत होती. तिने मला परत लावायला सांगितलं. परत पाहिलं. मग उठून माझ्याजवळ आली आणि माझी ओढणी मुठीत धरून उभी राहिली. 

कवडूभाऊ आता शाळेचा पाण्याचा टँकर चालवतात. ते काम त्यांना गौरीने प्रिन्सिपल सरांना चिठ्ठी लिहून मिळवून दिलं, हे मला नंतर कळलं. टँकर उतारावर पहिल्या गिअरमध्ये येतो. मी गेटवर उभी राहून पाहते.

चार नंबरची बस आता पांढऱ्या बसच्या आधी सुटते. गव्हर्नर तोच आहे. नवा ड्रायव्हर घेताना मी लायसन्स पाहते, डोळे तपासून घेते आणि एक जास्तीचा प्रश्न विचारते: मागून लेकरांनी टाळ्या वाजवल्या तर काय कराल? बहुतेक जण हसतात. जो हसतो त्याला मी बस देत नाही.