रिबेकाबाईंचे सतरा चिंचोके

दीनाचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. आरमोरीजवळच्या आमच्या शाळेत चौथीचा पेपर चालू होता. "ताई, आजी गेली," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. आजी म्हणजे रिबेकाबाई; त्यांच्या शिबिरातली सगळी पोरं त्यांना आजीच म्हणायची, दीनाही त्यातलीच एक. खरं सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला आला तो दुःखाचा विचार नव्हताच. आता मे महिन्यातलं शिबिर? ती पोरं? त्यांच्याकडे कोण बघणार... मी? रडू नंतर आलं, घरी गेल्यावर, भाजी चिरताना.

रिबेकाबाई मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्रायल. म्हणजे कोकणात पिढ्यान् पिढ्या राहिलेले, मराठीच बोलणारे ज्यू. नवऱ्याची नोकरी वनखात्यात, म्हणून इकडे आल्या. ते वारले तरी बाई परत गेल्या नाहीत. ब्रह्मपुरीत घर होतं आणि गावाबाहेर जंगलाला लागून थोडी धानाची शेती. त्या शेतावर त्या दर मे महिन्यात पंधरा दिवस आपल्या लोकांच्या मुलांचं शिबिर भरवायच्या. ठाणे, पनवेल, नागपूरहून पोरं यायची, आयांसकट बाईंच्या घरी उतरायची, सकाळी जीपने शेतावर आणि ऊन चढायच्या आत परत. "आमचं एकेक पोर एकेका शाळेत एकटं असतं गं," त्या म्हणायच्या. "वर्षातून पंधरा दिवस तरी त्याला वाटावं की आपली प्रार्थना, आपली गाणी येणारं आणखीही कुणी आहे." शुक्रवारी दिवे लागायच्या आत सगळं आवरायचं, शनिवारी सुट्टी. शेवटच्या दिवशी मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं. पोहे मात्र इथल्याच धानाचे हवेत म्हणून हट्ट!

मी तेव्हा ब्रह्मपुरीला बी.एड. करत होते. बाईंना मुलांवर लक्ष ठेवायला एक ताई हवी होती, कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी गेले, पण माझा जीव पहिल्या दिवसापासून टांगणीला. परक्यांची लेकरं, बाजूला वाघाचं जंगल, खाली बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेततळं, मे महिन्यात नुसता चिखल. एखादं पोर झाडाआड गेलं की मी हाका मारत धावायचे. आणि घाबरले की मी ओरडते, हा माझा स्वभावच. "कुठी गेलती? काऊन गेलती?" शेवटी मी नियमच केला, जीपशी जो उशिरा येईल त्याला दुसऱ्या दिवशी खेळ नाही. बाईंनी तो चालू दिला.

पोरं मोजायची मात्र सोय नव्हती. पहिल्याच दिवशी मी बोट दाखवून एक, दोन, तीन सुरू केलं तर बाईंनी माझं बोट धरलं. "आमच्यात माणसं मोजत नाहीत. चिंचोके मोज." सकाळी प्रत्येकाने मडक्यातून एक चिंचोका घ्यायचा, खिशात ठेवायचा आणि परत निघताना जीपच्या दाराशी डब्यात टाकायचा. डब्यात सतरा झाले की निघायचं. मला हसू आलं होतं. पण हळूहळू त्या डब्याचाच मला केवढा आधार वाटायला लागला! पोरांकडे बघायलाच नको, डबा हलवला की झालं.

नववा दिवस असावा. ऊन तापलं होतं, ड्रायव्हर घाई करत होता. चिंचोके मोजले, सतरा. पुन्हा मोजले, सतरा. "सगळे आले, बाई," म्हणून मी दार ओढून घेतलं. काळीपिवळीत, म्हणजे आमच्या त्या भाड्याच्या जीपमध्ये, पोरं नेहमीसारखी एकमेकांच्या मांडीवर, गाणं सुरू. पांदण संपून डांबरी रस्त्याला लागतो तिथे पुढच्या सीटवरच्या बाई एकदम म्हणाल्या, "गाडी थांबव. नवोमीचा आवाज नाही."

नवोमी, दीनाची धाकटी बहीण, सात वर्षांची, सगळ्यात बेसूर आणि सगळ्यात मोठ्यांदा गाणारी. मी मागे वळून बघितलं. नव्हती. दीना खाली मान घालून बसली होती, पांढरीफट्ट.

तो परतीचा रस्ता मला आजही स्वप्नात येतो. शेतावर उतरल्या उतरल्या मी नवोमी, नवोमी ओरडत पळाले, चप्पल कुठे गेली कळलं नाही. शेजारच्या धुऱ्यावरचे देवाजीभाऊ कुऱ्हाड घेऊन धावत आले. "बोडीकडं पाहा बाई, सकाळी तिकडं त्याचे पाय उमटून होते," ते म्हणाले. 'त्याचे' म्हणजे कुणाचे हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. बोडीच्या पाळीवर चढलो तर खाली ती दिसली, चिखलात उकिडवी बसून शंख गोळा करत होती. फ्रॉकच्या घोळात दहा-बारा शंख. तिच्यापासून चार हातांवर, ओल्या मातीत, ताटलीएवढे पंजे उमटलेले. मी तिला उचललं आणि आधी चापट मारली, मग कवटाळलं. बाईंनी माझ्या हातातून तिला घेतलं, तिचं तोंड पदराने पुसलं आणि विचारलं, "पाणी प्यायचंय का?"

पुढे भीती होती ती तिच्या आईची. मी बाईंना म्हटलं, "बाई, मले उद्यापासून जमणार नाई. डबा मी मोजला होता." बाईंनी घरी पोचल्याबरोबर माझ्यासमोर त्या माउलीला सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. आणि वर म्हणाल्या, "चूक माझी. चिंचोके मोजायला मी लावले." ती आई खूप बोलली, बोलणारच. बाईंनी ऐकून घेतलं. सतरा कसे भरले, हे मी विचारलं तर म्हणाल्या, "पोरांचा काहीतरी खेळ."

दुसऱ्या दिवशी मडकं दिसलं नाही. बाईंनी मला जीपच्या दाराशी उभं केलं. "चढणाऱ्या प्रत्येकाला, त्याने आज काय केलं त्यातलं एक तू सांगायचं. ज्याचं सांगता येणार नाही, त्याच्याकडे तू आज बघितलंच नाहीस असं समज." पहिल्या दिवशी मला सहा पोरांचं सांगता आलं नाही. तेव्हापासून दहा उन्हाळे मी त्या दाराशी उभी राहिले. पण मनातली टोचणी गेली नाही. माझ्यामुळे एक पोर मेलं असतं, आणि बाईंनी ते आपल्या अंगावर घेतलं.

सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला नागपूरला बाईंच्या भाचीकडे गेले. दीना तिथे होती, आता नोकरी करणारी. चहाचा कप घेऊन आम्ही जिन्यात बसलो आणि मी शेवटी विचारलंच, त्या दिवशी डब्यात सतरा कसे भरले.

"नवोमीने मला तिचा चिंचोका दिला," ती म्हणाली. "म्हणाली, माझा टाक, मी आलेच. उशीर झाला तर तिचा खेळ जाणार होता ना. म्हणून टाकला. मग गाडी सुटली आणि..."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"तुमची भीती वाटली, ताई."

मी कप पायरीवर ठेवला.

"आजीला त्याच दुपारी सांगितलं होतं मी. ती म्हणाली, वंदनाताईला हे कधी कळू द्यायचं नाही. ती घाबरते म्हणून ओरडते. घाबरणं कमी होईल, मग चांगली ताई होईल."

म्हणजे बाईंना सगळं ठाऊक होतं. दहा उन्हाळे रोज मला समोर बघून त्या चहा देत होत्या.

शिबिर या सोमवारी सुरू झालं. होय, मीच घेते आहे, रात्री झोप नाही तरीही. पहिल्याच दिवशी पनवेलची एक चिमुरडी पळत आली, ओठ काढून म्हणाली, "ताई, मी ना, बोडीकडे जाऊन आले." तोंडापर्यंत आलेलं ओरडणं मी कसंबसं गिळलं आणि खाली बसून तिचे दोन्ही हात धरले. "बरं झालं सांगितलंस," मी म्हटलं. मग ती मला सगळंच सांगायला लागली.