अंगठा आणि अक्षता

गुरुसिद्धप्पांनी चाळीस वर्षं टॉवेलचे माग चालवले आणि त्या खडखडाटात कान घालवून बसले. तेव्हापासून माणूस ओरडूनच बोलतो. साधं "च्या घे की" म्हणाला, तरी समोरच्याला वाटावं, हा अंगावर धावून येतोय! अकरा वर्षांपूर्वी एमआयडीसीतल्या शेडची वाटणी झाली, तेव्हा याच आवाजानं घात केला. धाकटा भाऊ वीरभद्रप्पा काय कमी होता? त्यानंही आवाज चढवला. शेडच्या मधोमध भिंत आली आणि एकाच गल्लीत राहणारे सख्खे भाऊ एकमेकांना बघून रस्ता बदलायला लागले.

मग मोबाईल आला. धाकट्याच्या पोरीनं, काव्यानं, दोघांनाही घरच्या ग्रुपात घातलं. तिथं आवाज नाही, कपाळावर आठ्या नाहीत. धाकटा सकाळी महादेवाचा फोटो टाकायचा, थोरला खाली हात जोडायचा. गुरुसिद्धप्पा कौतुकानं बायकोला दाखवायचे, "बघ, वीरानं आज बदाम पाठवलाय."

सुंदरम्मा फणकारायची, "बदाम काय चाटायचाय? आठ घरं सोडून ऱ्हातो तो. उठा की, जावा!"

पण हे काही उठायचे नाहीत. मोबाईलवर जुळलेलं समोर गेल्यावर पुन्हा तुटेल, ही धास्ती. खरं सांगायचं तर भित्रा होता माणूस.

अशात काव्याचं लग्न ठरलं. गुरुसिद्धप्पांना मूल नाही. ही पोर लहानपणी यांच्याच ताटात जेवली, यांच्याच मांडीवर झोपली. यांना "दोड्डप्पा", म्हणजे थोरले बाबा, म्हणून हाक मारणारी जगात ती एकटी. आता ती पुण्यात नोकरीला, हळदीलाच येणार होती. पत्रिका ग्रुपात आली. गुरुसिद्धप्पांनी ती दोनदा वाचली आणि खाली अंगठा दाबला. म्हणजे काय, तर दिसली बाबा! आता धाकटा दारात येईल, हातावर अक्षत ठेवून "अण्णा, चला" म्हणेल. घरच्या माणसाला आवतान असंच द्यायचं असतं. नुसती पत्रिका जाते ती बाहेरच्यांना.

आणि तिकडं वीरभद्रप्पा गावभर सांगत सुटला होता, "अण्णानं अंगठा दिलाय. अण्णा येनार!"

आठ दिवस हे दाराकडं डोळे लावून बसले. कुणी आलं नाही.

लग्नाच्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून गुरुसिद्धप्पा कॉटवर बसले होते. हातात मोबाईल, त्यावर लग्नाचं लाईव्ह, आवाज पार टिपेला. सुंदरम्मा आत डोळे पुसत होती. काव्या मांडवात उभी होती आणि सारखी दाराकडं बघत होती पोरगी. तेवढ्यात माईकवरून वीरभद्रप्पाचा आवाज आला, "थांबा, स्वामी. अण्णांना येऊ द्या. त्याबिगर अक्षता न्हाईत."

अरे देवा! म्हाताऱ्याला रडूच फुटलं. "अगं चल, चल! माझ्यासाठी थांबल्यात!" मोबाईल तसाच खिशात कोंबला, बायकोचा हात धरला, रिक्षा केली. बाजारात रिक्षा अडकली, तसे दोघं उतरले आणि पासष्टीतला हा माणूस धोतराचा सोगा हातात धरून पळत सुटला.

पोचले तेव्हा पंगत बसली होती. इकडं अक्षता ज्वारीच्या; काव्याच्या केसांत त्यातली ज्वारी अडकलेली होती.

दारातच वीरभद्रप्पा भेटला. अकरा वर्षांनी, समोरासमोर.

"वीरा, थांबला न्हाईस व्हय रे?" गुरुसिद्धप्पांना कळवळून विचारायचं होतं, पण आवाज निघाला तो मागावरचाच. पंगतीतली माणसं वळून बघायला लागली.

"थांबलो की! अर्धा तास ताटकळलो," धाकटा तडकला. "मग पोरांनी दाखवलं, लाईव्ह बघनाऱ्यांत तुमचं नाव. शेवटपतूर हाय ते. घरात बसून मजा बघताय म्हनल्यावर कुनासाठी थांबू?"

"खिशात चालू ऱ्हायला रे! मी वाटंवर होतो!"

"ओरडू नका, अण्णा. पावनी बघायल्यात." वीरभद्रप्पानं हात जोडले. "आलाच हाय तर जेवून जावा."

आणि तो आत गेला. गुरुसिद्धप्पा जेवले नाहीत. काव्याला लांबूनच बघितलं आणि माघारी फिरले. त्या संध्याकाळी वीरभद्रप्पा ग्रुपातूनही निघून गेला.