दुधाआधी दोन बोटं

शेण काढून झालं होतं, गोठा झाडला होता, चुलीवर चहाचं आधण होतं. मी दुधाची बादली कालवडीपुढे ठेवली आणि तिने मान खाली घालून ती एका दमात रिकामी केली. रोजचंच होतं. वेगळं एवढंच, की जाऊबाईंनी मला न सांगता गुरांच्या दवाखान्यात फोन केला होता आणि तिथल्या डॉक्टर गवई मॅडम तिवस्याहून स्कूटीवर आमच्या दारात आल्या. आमची ओळख झाली ती अशी.

माझे मालक जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. ते गेल्यावर पंधरा दिवसांनी आमची मोरी गाय व्याली. तिची कास सुजली, म्हणून ती वासराला जवळ येऊ देईना. मालकांनी वाढवलेल्या गाईची ही कालवड. ती जगावी म्हणून मी शेजारून दूध आणायची आणि ती ओरडली की बादली पुढे करायची. तरी तिचं पोट फुगलेलं, केस राठ, शेण चिकणमातीसारखं. चारा हुंगायचीसुद्धा नाही.

मॅडमनी खाली बसून तिच्या डाव्या कुशीला हलका धक्का दिला. आत अर्ध्या भरलेल्या घागरीसारखं डुचमळलं.

"ऐकलं, ताई? किती दूध पाजता हिले?"

"मांगीन तेवढं."

"तुमी दूध नाही पाजून राहिल्या, हिच्या पोटात दही लावून राहिल्या!"

जाऊबाई हसल्या. मीही दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले आणि हसता हसता रडायला लागले. मॅडमनी जाऊबाईंना चहा बघायला आत पाठवलं आणि माझं रडणं संपेपर्यंत कालवडीच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

मग त्यांनी समजावलं. वासराच्या पोटाला चार कप्पे. वासरू चोखत पितं तेव्हा आत एक पन्हळ मिटून तिची नळी होते आणि दूध सरळ चौथ्या कप्प्यात जातं. घाईने ढोसलं, की ते पहिल्या मोठ्या कप्प्यात पडून आंबतं. तो कप्पा दुधाने तयारही होत नाही. धान्याचा भरडा, चारा आणि पाणी मिळालं तरच तो कामाला लागतो. "दूध कमी करा. बाटलीनं पाजा, कासेच्या उंचीवर धरून. आन् आधी बोट चोखाले देत जा."

मालक प्रत्येक वासराला दुधाआधी दोन बोटं चोखायला द्यायचे. "कायले एवढे लाड करून राहिले?" असं मी म्हणायची. ते लाडच समजून मी सोडून दिले होते. मॅडमना हे सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "त्यायले ठाऊक होतं, ताई."

पुढचे आठ दिवस त्या वाट वाकडी करून येत राहिल्या. मी चौथी शिकलेली. त्यांनी मला वासरांच्या संगोपनाची पुस्तिका दिली, अडेल त्या शब्दाखाली रेघ मारायला सांगितलं आणि दर खेपेला त्या रेघांपाशी बसल्या. माझं वाचन तिथून सुरू झालं. पातूर, अकोट, तिवसा, जिथे बदली झाली तिथे त्यांचं वागणं असंच होतं, हे आता त्यांच्या सोबत्यांकडून कळतं. रागही तसाच रोखठोक. आमच्या गावात एका घरी त्यांच्यापुढे खरवस आला, तर त्यांनी बशी बाजूला सारून विचारलं, "वासराले चीक पाजला का आधी?" घरमालकाने मान खाली घातली. मॅडम उठल्या आणि गोठ्यात गेल्या.

आज मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. मॅडम, तुमचे गुडघे दुखतात हे तुम्ही सांगत नाही, पण उठताना दावणीला धरता ते आम्ही पाहतो. ते बरे राहोत. तुम्हाला निरोगी, लांब आयुष्य मिळो आणि आमच्या गोठ्यांत तुमचा आवाज असाच ऐकू येत राहो. आमची कालवड आता तिसऱ्यांदा गाभण आहे, हेही इथे सांगते.

त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी बादली घासून पालथी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी हात धुतले, कालवडीजवळ बसले आणि माझी दोन बोटं तिच्या तोंडात दिली.