किल्ली न घेतलेल्या अनसूयाबाई

अनसूयाबाईंची आणि माझी ओळख झाली ती भांडणातून. गौरवग्रंथात असे लिहू नये म्हणतात, पण गोड गोड लिहिले तर बाईच माझा कान धरतील. दहा-बारा वर्षांपूर्वी मी सरकारी घरांच्या कामावर ओव्हरसियर म्हणून शहापुरात आलो. विणकरांच्या गल्लीमागे साठ घरांची वसाहत व्हायची होती. रस्ता कच्चा, नाल्या नकाशावर, आणि पाण्याला गल्लीतलीच एक विहीर. ती मोजून 'पाणी मुबलक' असा शेरा मीच मारला होता.

"कवा मोजलं जी तुमी?" त्याच गल्लीत माग चालवणाऱ्या बाईंनी विचारले.

"कार्तिकात."

"कार्तिकात तं धानाच्या बांधीतबी पानी रायते! वैशाखात मोजा."

मी हसलो. काय ती माझी अक्कल!

वैशाखात वरिष्ठ साहेब पाहणीला आले, तेव्हा बाई विहिरीचा दोर घेऊन चावडीत हजर झाल्या. मागे सारी गल्ली. उन्हाळ्यात बादली पाण्याला पोचेनाशी झाली की तिथल्या बायका दोराला तुकडा जोडत आणि सांध्यावर मागावरच्या उरलेल्या सुताची गाठ मारत. दरवर्षी वेगळा रंग. हा रिवाज मला ठाऊक नव्हता. बाईंनी एकेक गाठ बोटाखालून नेली आणि कोणत्या साली विहीर किती खाली गेली ते धडाधड सांगितले. शाळेची पायरी न चढलेल्या बाई! मी आपली मोजणीवही हळूच काखेत दाबली. मग सगळे विहिरीवर गेले. बादली वर आली ती अर्धी गाळाची.

"आमी घरांले नाही म्हनत नाही साहेब," बाई म्हणाल्या. "पहिले पानी द्या, नाल्या द्या, मंग घरं द्या. नाहीतं येनारेबी तहानेनं मरतीन अन् आमीबी."

साहेबांनी दुसरी विहीर मंजूर केली. मला सर्वांदेखत उघडे पाडणाऱ्या बाईंनी लगेच घरच्या माठातला तांब्या माझ्यापुढे धरला. "घ्या जी, तोंड सुकलं तुमचं." ते पाणी पिताना मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आता खरी गोष्ट. वसाहतीच्या यादीत पहिले नाव बाईंचेच होते. त्यांचे घर पावसात तीन ठिकाणी गळायचे. नवी विहीर अर्धवट असतानाच वरून हुकूम आला, पहिल्या दहा किल्ल्या वाटून टाका. बाईंनी हात मागे घेतला. "पानी लागू द्या, मंग घेतो." ते पाहून बाकीचे नऊ जणही थांबले. यजमान रुसले, सून रडली, बाई ढळल्या नाहीत. मी मात्र चिडलो आणि फक्त त्यांच्याच नावापुढे 'घर नाकारले' असे लिहून मोकळा झालो. नियमाने ते घर दुसऱ्याला गेले. विहिरीला पाणी लागले, नाल्या झाल्या, साठ किल्ल्या वाटल्या गेल्या. त्यांत बाईंची नव्हती. बाई गर्दीत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

पुढे माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी स्वतः विणलेले लुगडे आणले, पत्नीच्या आजारपणात महिनाभर डबा पाठवला. प्रत्येक वेळी मला वाटे, तो शेरा मीच मारला हे आता सांगावे. धीर होईना. हा लेख लिहायला घेतला, तेव्हा मात्र गेलो आणि सारे सांगून टाकले.

"मले तवाच मालूम झालं होतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलल्या काहून नाही, बाई?"

"बोलली असती तं तुमची बदली झाली असती. विहीर अर्धीच रायली असती ना जी."

मी पाया पडलो.

बाई आता साठ वर्षांच्या झाल्या. त्यांना उदंड आयुष्य लाभो, हातपाय असेच चालते राहोत. आणि यंदा पावसाच्या आत त्यांच्या त्याच गळक्या घराचे छप्पर मी स्वतः उभे राहून फेरून, फुटकी कौले बदलून घेणार आहे. बाई, या वेळी तरी नाही म्हणू नका.